सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग एवढं दुखतं का?

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची आहे, मूळची कोल्हापूरची, नोकरीसाठी पुण्यात राहते. आठवीत पाळी सुरू झाली तेव्हापासून पोटात दुखतं पण गेली काही वर्षं सहनच होत नाही. पहिले दोन दिवस कंबरेपासून मांड्यांपर्यंत कळा येतात, उलट्या होतात आणि त्या दिवसांत संडासला बसलं की जीव जातो. दोनदा सोनोग्राफी केली, दोन्ही वेळा पोटावरून, दोन्ही रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नकोस, लग्न झालं की कमी होईल. माझ्या मैत्रिणीला मात्र सोनोग्राफीत लगेच चॉकलेट सिस्ट दिसली आणि एंडोमेट्रिओसिस आहे म्हणून सांगितलं. आमचा त्रास सारखाच आहे, उलट मला जास्त होतो. मग माझं सगळं नॉर्मल कसं? सोनोग्राफीवर विश्वास किती ठेवायचा? नेटवर वाचलं की दुर्बिणीतून ऑपरेशन केल्याशिवाय खात्री होतच नाही, ते करून घेऊ का? घरी स्थळं बघतायत त्यामुळे आई हा विषय काढूच देत नाही. माझं नाव छापू नका.

उत्तर :

अगं, सगळ्यात आधी हे सांगते की दोन नॉर्मल रिपोर्टवरून तुला एंडोमेट्रिओसिस नाही असं कुणालाच म्हणता येत नाही. मी तुला तपासलेलं नाही त्यामुळे आहेच असंही मी म्हणणार नाही, पण पाळीच्या दिवसांत संडासला बसताना होणारी वेदना हे लक्षण मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून कधीच सोडून देत नाही, आणि ते ऐकल्यावर तुझा तपास ‘टेन्शन घेऊ नकोस’वर थांबायला नको होता.

तुझ्या मैत्रिणीला दिसलं आणि तुला नाही, याचं कारण बऱ्याचदा आजाराच्या प्रकारात असतं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाच्या बाहेर वाढतं तो एंडोमेट्रिओसिस, एवढं तू वाचलंच असशील. पण ते कुठे आणि कसं वाढलंय यावर सोनोग्राफीत दिसणार की नाही ते ठरतं. ओव्हरीत वाढलं तर तिथे जुनं रक्त साठून गाठ होते, तीच चॉकलेट सिस्ट, आणि ती सोनोग्राफीत ओळखायला सोपी असते कारण काळ्या पाण्याच्या गाठीऐवजी आत एकसारखा धुरकट करडा रंग दिसतो. दुसरा प्रकार खोलवर रुजणारा, म्हणजे गर्भाशयाला मागून धरून ठेवणारे बंध (लिगामेंट), योनी आणि गुदाशयाच्या मधली जागा, आतड्याची भिंत, लघवीची पिशवी इथे कडक गाठी किंवा जाड पट्टे होतात, हा दिसतो पण ज्याला शोधता येतो त्याला आणि जो शोधायला जातो त्याला. तिसरा प्रकार पोटाच्या आतल्या पातळ आवरणावर वरवर पसरलेले छोटे छोटे ठिपके, आणि हा सोनोग्राफीत जवळपास दिसतच नाही. भिंतीला नुकती ओल धरली की रंग बदललेला डोळ्याला दिसतो पण हात फिरवला तर काही लागत नाही, तसं काहीसं, कारण सोनोग्राफीच्या मशीनला रंग कळत नाही, तिला फक्त आवाजाच्या लहरी कुठून कशा परत आल्या तेवढंच कळतं. ठिपके पातळ असले की लहरींमध्ये फरकच पडत नाही.

आणि वेदना किती होते याचा आजार किती पसरलाय याच्याशी सरळ हिशोब नसतो. मोठी सिस्ट असून काहीच न दुखणाऱ्या बायका असतात आणि चार ठिपक्यांनी कामावर जाता न येणाऱ्या मुलीही असतात. त्यामुळे ‘रिपोर्टमध्ये काही नाही म्हणजे एवढं दुखायला नको’ हे जे तुला ऐकवलं जातंय त्याला काही आधार नाही.

आता तू विचारलंस किती विश्वास ठेवायचा. कॉक्रेन म्हणून एक संस्था आहे, ती जगभरातले अभ्यास एकत्र तपासून निष्कर्ष काढते. त्यांनी २०१६ मध्ये एंडोमेट्रिओसिसच्या स्कॅनचा असा आढावा घेतला. आतून म्हणजे योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत ज्या बायकांना खरोखर चॉकलेट सिस्ट होती त्यांतल्या १०० पैकी साधारण ९३ जणींची सिस्ट सापडली, आणि ज्यांना ती नव्हती त्यांतल्या १०० पैकी ९६ जणींना बरोबर ‘नाही’ सांगितलं गेलं. खोलवरच्या आजारात १०० पैकी ७९ सापडल्या आणि नसलेल्या १०० पैकी ९४ जणींना बरोबर ‘नाही’ सांगितलं. हे आकडे दोन टोकांकडून वाच. सोनोग्राफीने ‘आहे’ म्हटलं तर ते बहुतेक वेळा खरं असतं. पण ‘दिसत नाही’ म्हटलं तर खोलवरचा आजार असलेल्या १०० जणींमधल्या २१ जणी सुटलेल्या असतात, आणि वरवरच्या ठिपक्यांचं तर विचारायलाच नको.

शिवाय यातले बरेचसे अभ्यास ज्यांचं पुढे ऑपरेशन होणारच होतं अशा बायकांवर झालेत, स्कॅन करणारेही बहुतेक या कामात मुरलेले होते, आणि स्कॅन आतून केलेला होता. तुझे दोन्ही स्कॅन पोटावरून झालेत, त्यामुळे ९३ आणि ७९ हे आकडे तुझ्या रिपोर्टला लावताच येत नाहीत. पोटावरून करताना कातडी, चरबी, भरलेली लघवीची पिशवी, आतड्यातला गॅस हे सगळं पार करून लहरींना जावं लागतं, म्हणून कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी वापरतात आणि चित्र ढोबळ येतं. मोठी सिस्ट, फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची गाठ, किडनीला आलेली सूज हे त्यात कळतं. गर्भाशयामागचं दोन-चार मिलिमीटर जाड झालेलं लिगामेंट त्यात कळेल ही अपेक्षाच चुकीची.

अजून एक गोष्ट पेशंटला कुणी सांगत नाही ती म्हणजे सोनोग्राफीत मशीनपेक्षा हात आणि डोळे महत्त्वाचे असतात. २०१६ मध्येच ‘आयडिया’ नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने एंडोमेट्रिओसिससाठी सोनोग्राफी कशी करायची याची पद्धत लिहून काढली. त्यात आधी गर्भाशय आणि दोन्ही ओव्हरी बघायच्या, मग प्रोबने, म्हणजे सोनोग्राफीच्या दांडीने, हलकेच दाबून कुठे नेमकं दुखतं आणि ओव्हरी मोकळ्या हलतात की चिकटल्यात हे बघायचं, मग गर्भाशय आणि मागचं आतडं एकमेकांवरून सरकतं का ते बघायचं, याला स्लायडिंग साइन म्हणतात, आणि शेवटी पुढच्या मागच्या भागात गाठी शोधायच्या. सरकतं की नाही हे स्कॅन चालू असतानाच कळतं. नंतर ती छोटी प्रिंट दुसऱ्या डॉक्टरला दाखवून ‘बघा ना यात काही दिसतंय का’ विचारण्यात फारसा अर्थ नसतो, कारण जे हलतंय ते फोटोत येत नाही आणि ज्या जागेकडे प्रोब वळवलाच नाही तिचा फोटोच नसतो.

म्हणून तुझे जुने रिपोर्ट काढ आणि वाच. गर्भाशयाचं माप, अस्तराची जाडी, दोन्ही ओव्हरींचं माप आणि खाली ‘कुठलाही दोष आढळला नाही’ एवढंच असेल तर तो साधा पेल्व्हिक म्हणजे ओटीपोटाचा स्कॅन आहे. युटेरोसॅक्रल लिगामेंट (गर्भाशयामागचे तेच बंध), रेक्टोसिग्मॉइड (गुदाशय आणि त्याच्या लगतचं आतडं), स्लायडिंग साइन, ओव्हरीची हालचाल यातला एकही शब्द नसेल तर त्या जागा नीट तपासल्या गेल्या असं धरून चालू नकोस. यात त्या सोनोलॉजिस्टला दोष देण्याचं कारण नाही, चिठ्ठीवर ‘पोटात दुखतं, यूएसजी पेल्व्हिस’ एवढंच लिहिलेलं असेल आणि बाहेर गरोदर बायकांची रांग असेल तर दहा मिनिटांत तेवढंच होतं. एंडोमेट्रिओसिसचा स्कॅन निवांत करावा लागतो. पुढच्या वेळी तुझ्या गायनॅकला सांग की चिठ्ठीवर स्पष्ट लिहा, पाळीत संडासला दुखतं, डीप एंडोमेट्रिओसिस आहे का बघा, आतडं आणि लिगामेंट बघा, किडनीही बघा. आणि अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचार की हा स्कॅन तुमच्याकडे नियमित होतो का, आतड्याचा आजार बघता का. पुण्यात असे सोनोलॉजिस्ट मिळतात, थोडी चौकशी करावी लागेल पण मिळतात. एडेनोमायोसिस म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतच अस्तर शिरणं, तेही बघायला सांग, तोही असाच दुखतो आणि तरुण मुलींनाही असतो.

आता अवघड भाग, जो तू लिहिला नाहीस पण मला माहितेय की मध्ये आलाच असणार. आपल्याकडे फॉर्मवर ‘अविवाहित’ लिहिलं की आतून सोनोग्राफी करायची नाही असं ठरूनच जातं, बऱ्याचदा मुलीला विचारतही नाहीत. लग्नाचा या तपासणीशी काही संबंध नाही, प्रश्न एवढाच आहे की तुझे आधी शारीरिक संबंध आले आहेत का आणि तुला ही तपासणी चालणार आहे का, आणि या दोन्हीचं उत्तर फक्त तू द्यायचंस. आई बरोबर असेल तर डॉक्टरांना म्हण की मला दोन मिनिटं एकटीशी बोलायचंय, तुझा तो हक्क आहे, आणि जे असेल ते खरं सांग. संबंध आले नसतील किंवा आले असूनही तुला आतून नको वाटत असेल तर नाही म्हणायचं, त्यात संकोच नको, दुसरे मार्ग आहेत. काही ठिकाणी गुदद्वारातून सोनोग्राफी करतात, ऐकायला नकोसं वाटेल पण गर्भाशयामागचा भाग आणि आतड्याची भिंत त्यातून चांगली दिसते. नाहीतर पेल्व्हिसचा एमआरआय. एमआरआयमध्ये रेडिएशन नसतं, खोलवरचा आजार त्यात चांगला सापडतो, त्याच कॉक्रेनच्या आढाव्यात १०० पैकी ९४ सापडले, मात्र नसताना ‘आहे’ वाटण्याचं प्रमाणही जास्त होतं, नसलेल्या १०० पैकी २३ जणींना. आणि वरवरचे ठिपके एमआरआयलाही भरवशाने दिसत नाहीत, म्हणून सोनोग्राफी फेल गेली म्हणून एमआरआय केला आणि तोही नॉर्मल आला की झालं, संपलं, असं समजायचं नाही. सीए-१२५ नावाची रक्ताची टेस्ट कुणी सांगितली तर त्यावर पैसे घालवू नकोस, तिच्यावरून हा आजार आहे किंवा नाही ते ठरत नाही.

दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल नेटवर वाचलंस ते जुनं आहे. बरीच वर्षं हेच शिकवलं जायचं की लॅपरोस्कोपी करून डोळ्याने बघितल्याशिवाय आणि तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्कं नाही. त्याचा परिणाम असा झाला की ऑपरेशनची भीती म्हणून निदान नाही, निदान नाही म्हणून औषध नाही, आणि मुली वर्षानुवर्षं तशाच दुखण्यात राहिल्या. एश्रे ही युरोपातली प्रजनन क्षेत्रातल्या डॉक्टरांची संस्था, तिने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे बदललं. आता स्कॅनमध्ये आजार स्पष्ट दिसला तर फक्त खात्रीसाठी ऑपरेशन करायची गरज नाही, आणि स्कॅनमध्ये काही दिसलं नाही पण लक्षणं तशी आहेत तर औषध सुरू करून बघता येतं, किंवा औषध लागू पडत नसेल, चालणार नसेल, तर लॅपरोस्कोपीचा विचार करता येतो. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या सूचनाही हेच सांगतात की तपासणी, सोनोग्राफी, एमआरआय नॉर्मल आले म्हणून एंडोमेट्रिओसिसची शक्यता सोडून देऊ नका.

त्यामुळे माझं मत विचारशील तर आत्ता लगेच ऑपरेशन नको. भूल द्यावी लागते, आतडं किंवा मूत्रनलिकेला इजा व्हायचा थोडा का होईना धोका असतो, आणि नुसतं ‘आत काय आहे ते बघू’ म्हणून केलेली लॅपरोस्कोपी आणि आजार सापडला तर तिथेच काढायच्या तयारीने केलेली लॅपरोस्कोपी यात फार फरक आहे. आधी चांगला स्कॅन झाला असेल तर सर्जनला माहीत असतं की आतड्याचा सर्जन सोबत लागेल का, तयारी काय लागेल. पुढे कधी करायची वेळ आली तर हा प्रश्न नक्की विचार की सापडलं तर त्याच वेळी काढणार का, आणि तुकडा तपासायला पाठवणार का.

पण वेदनेवरचा उपचार मात्र रिपोर्टची वाट बघत थांबवायचा नाही, हे मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय. डायनोजेस्टसारखी रोज घ्यायची प्रोजेस्टेरॉनच्या गटातली गोळी, किंवा गर्भनिरोधक गोळ्या सलग घेणं, यांनी बऱ्याच जणींचं दुखणं खूप कमी होतं. सुरुवातीला मधूनमधून स्पॉटिंग होतं, मूड थोडा बिघडू शकतो, ते आधीच माहीत असावं म्हणजे घाबरून गोळी सोडली जात नाही. मायग्रेन असेल, विशेषतः दुखायच्या आधी डोळ्यासमोर चमकणारं येत असेल, किंवा घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर ते डॉक्टरांना सांग कारण काही गोळ्या मग चालत नाहीत. गोळ्यांनी पुढे मूल होत नाही ही भीती घालणारे खूप भेटतील, तसं होत नाही, गोळी बंद केली की पाळीचं चक्र परत सुरू होतं. वेदनाशामक गोळी कळ असह्य झाल्यावर घेण्यापेक्षा दुखायला लागलं की लगेच घेतलेली बरी, कुठली आणि किती ते डॉक्टरांना विचारून, आणि रिकाम्या पोटी नको. औषधाने बरं वाटलं म्हणजे एंडोमेट्रिओसिस सिद्ध झाला असं नाही आणि नाही वाटलं म्हणजे नाहीच असंही नाही, पण तुझं दुखणं कमी झालं हे स्वतःच पुरेसं कारण आहे ते औषध घ्यायला.

पुढच्या दोन-तीन पाळ्या मोबाइलमध्ये लिहून ठेव. तारीख, दहापैकी किती दुखलं, कुठे दुखलं, संडासला लघवीला दुखलं का, सुट्टी घ्यावी लागली का. डॉक्टरांसमोर ‘खूप दुखतं’ म्हटलं की ते हवेत विरून जातं, आणि ‘गेल्या तीनही पाळ्यांत संडासला बसताना आठ-नऊ दुखलं, दर वेळी सुट्टी घेतली’ म्हटलं की त्यांना पेन उचलावं लागतं. ‘लग्न झालं की बरं होईल’ हे परत ऐकवलं तर शांतपणे दुसरा डॉक्टर बघ. एश्रेच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय की एंडोमेट्रिओसिसवर उपाय म्हणून गरोदर राहायचा सल्ला देऊ नये, आणि लग्न हा उपाय तर कुठल्याच पुस्तकात नाही.

आईवर रागावू नकोस. त्यांच्या पिढीला कुणी विचारलंच नाही, कदाचित त्यांनाही हेच असेल, या आजाराचं थोडंफार आनुवंशिक अंग असतं, त्यामुळे ‘आमचंही दुखायचं’ हे वाक्य डॉक्टरांना जरूर सांग, ती माहितीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळी येण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के मुली-बायकांना हा आजार असतो, म्हणजे जगात १९ कोटींच्या आसपास, ज्या घरांतून तुला स्थळं येतायत त्या घरांतही कुणाला तरी असेल. लपवून लग्न लावायचं आणि मग दर महिन्याला सासरी दोन दिवस उठता येत नाही म्हणून ऐकून घ्यायचं, त्यापेक्षा आत्ता उपचार सुरू केलेले आईलाही पटतील, त्यांना हे पत्र वाचायला दे हवं तर.

वाट बघायची नाही अशा गोष्टी पण लक्षात ठेव. पाळीच्या दिवसांत संडासातून किंवा लघवीतून रक्त आलं, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखायला लागलं, ताप आला, किंवा अचानक नेहमीपेक्षा वेगळी जोरात कळ येऊन चक्कर आली तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. किडनी बघायला सांगितली तीही यासाठीच, की खोलवरचा आजार मूत्रनलिकेला आवळतो तेव्हा कधी कधी अजिबात दुखत नाही आणि किडनी हळूहळू खराब होते, हे मात्र पोटावरच्या साध्या सोनोग्राफीतही कळतं.

आणि तुझ्या मैत्रिणीलाही एक निरोप दे. सोनोग्राफीत सिस्ट दिसली म्हणजे तिचं सगळं कळलं असं नाही. पाळीच्या चक्रात ओव्हरीत रक्तस्राव होऊन झालेली साधी गाठ कधी कधी चॉकलेट सिस्टसारखीच दिसते, ती काही आठवड्यांत आपोआप विरते, म्हणून शंका असेल तर सहा ते बारा आठवड्यांनी परत बघायचं असतं. आणि खरीच चॉकलेट सिस्ट असेल तर तिच्यासोबत खोलवरचा आजारही बरेचदा असतो, मग फक्त ओव्हरी बघून थांबलेत की आतडं आणि लिगामेंटही बघितलीत हे तिनेही विचारायला हवं. सिस्ट काढायचं ऑपरेशन कुणी सुचवलं असेल तर त्याआधी एएमएच, म्हणजे ओव्हरीत बीजं किती शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट, करून घे म्हणावं, कारण सिस्टच्या भिंतीबरोबर ओव्हरीतली थोडी बीजंही जातात, आणि मूल हवं असेल तर तो हिशोब ऑपरेशनच्या आधी करायचा असतो.